स्वतःच्या पैशाचं चिलखत

[दृश्य: मेजावर ठेवलेली प्लेट, जवळून]

ही सैनिकाच्या चिलखती जाकिटात घालायची प्लेट. 32 सेंटिमीटर उंच, 24 रुंद. वजन पावणेदोन किलोंच्या जरा वर. वरचे दोन्ही कोपरे तिरपे कापलेत, कारण रायफल खांद्याला लावताना दस्ता नीट बसायला हवा. वरचं कापड सोलून काढलं की आत दिसतं ते सिरॅमिक. बहुधा बोरॉन कार्बाइड: काळी पूड साच्यात भरायची, दोन हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापवत दाबायची. तयार होणारा तुकडा पोलादाहून कितीतरी कठीण असतो आणि तितकाच ठिसूळ.

[दृश्य: संथ गतीतला गोळीबार]

आता नीट पाहा. गोळी आदळली. तिचं टोक चपटं झालं, फुटलं. सिरॅमिकलाही तडे गेले. तडे जाण्यासाठीच ते तिथे आहे. फुटता फुटता ते गोळीचा जोर एका ठिपक्यावरून पसरट भागावर नेतं. मागे पॉलिथिलीनच्या धाग्यांचे घट्ट दाबलेले थर आहेत. गोळीचे आणि सिरॅमिकचे तुकडे तिथे अडकतात. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत.

[दृश्य: मातीचा ठोकळा, खड्ड्यात मोजपट्टी]

जाकिटामागे ही मऊ माती ठेवतात, छातीच्या जागी. गोळी अडली, पण मातीत 44 मिलिमीटरहून खोल खड्डा पडला, तर जाकीट नापास. बरगड्या मोडून फुप्फुसापर्यंत मार जायला गोळीने आत शिरायलाच हवं असं नाही.

इराक युद्धाच्या वेळच्या अमेरिकी लष्कराच्या जाकिटाचं नाव इंटरसेप्टर. पुढे-मागे एकेक प्लेट धरून वजन साधारण साडेसात किलो. प्लेटा काढल्या तर उरतं ते कापडी जाकीट. स्फोटाच्या कपच्या आणि 9 मिलिमीटर पिस्तुलाची गोळी ते थोपवतं. कलाश्निकोव्ह रायफलची गोळी त्यातून आरपार जाते.

[दृश्य: इराकमधला महामार्ग, ट्रकांचा ताफा]

2003. लष्कराचा आधीचा हिशेब असा, की प्लेटा पायदळाला आणि आघाडीवरच्यांना पुरवायच्या. रसद वाहणारे, दुरुस्ती करणारे, राखीव दलातले मागे असतील, त्यांची एवढी घाई नाही. पण या युद्धात ‘मागे’ नावाची जागाच उरली नाही. रस्त्याकडेला पेरलेला बॉम्ब समोरून कोण येतंय ते बघत नाही. त्या शरद ऋतूत सुमारे 40 हजार अमेरिकी सैनिक इराकमध्ये प्लेटांविना होते. काहींच्या अंगावर तर व्हिएतनामनंतरच्या पिढीची जाकिटं, फक्त कपच्यांपुरती.

मग घरच्यांनीच प्लेटा विकत घेतल्या. आईवडिलांनी, बायकांनी, गावच्या वर्गणीतून. लष्करी जाकिटाच्या खिशात बसतील अशा मापाच्या. पार्सल इराकच्या पत्त्यावर. जगातल्या सगळ्यात श्रीमंत लष्करातल्या माणसाचं चिलखत टपालाने येत होतं, यावर वेगळं भाष्य करायची गरज नाही.

[दृश्य: सभागृहातलं कामकाज]

ऑक्टोबर 2004 मध्ये कायदा झाला: सैनिकांना खर्च परत मिळेल, एका वस्तूमागे 1,100 डॉलरपर्यंत. संरक्षण खात्याचा याला आधीपासून विरोध होता. असा पायंडा पडला तर आवरणार नाही, हे त्यांचं म्हणणं. नियम फेब्रुवारी 2005 पर्यंत यायचे होते. आले ऑक्टोबरमध्ये.

[दृश्य: चकत्यांची रचना, हात एकेक चकती उचलतोय]

तोवर बाजारात हे आलं होतं. ड्रॅगन स्किन. कॅलिफोर्नियातल्या पिनॅकल आर्मर कंपनीचं. अखंड प्लेटेऐवजी सिरॅमिकच्या गोल चकत्या, माशाच्या खवल्यांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या. वाकता येतं, कुशीही झाकल्या जातात. जाहिराती बघून कोणालाही मोह पडला असता.

मार्च 2006 मध्ये लष्कराने खाजगी चिलखतांवर बंदी घातली. खर्च परत देण्याचे नियम लिहायला वर्ष लागलं होतं. बंदीला एक संदेश पुरला.

[दृश्य: क्ष-किरण चित्रं]

तरी ही चित्रं टाळता येत नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात झालेल्या ड्रॅगन स्किनच्या चाचण्यांतली. उष्णतेने चकत्यांमधला चिकट पदार्थ सुटला आणि चकत्या जागच्या घसरल्या. ही बघा, इथे मोकळी फट दिसते. 48 पैकी 13 गोळ्या आरपार गेल्या, असा लष्कराचा अहवाल. वजनही साडेएकवीस किलोंच्या घरात. तुलनेसाठी घेतलेलं, तितकंच अंग झाकणारं इंटरसेप्टर पावणेतेरा किलोंचं. कंपनीने निष्कर्ष मान्य केले नाहीत, चाचणीच्या पद्धतीवरच बोट ठेवलं. पण इराकच्या उन्हात बंद गाडीत पडून राहिलेल्या जाकिटाचं काय होईल, हे घरून पैसे पाठवणाऱ्याने कुठल्या प्रयोगशाळेत तपासून घ्यायचं होतं?

2007 मध्ये चिलखताचं प्रमाणपत्र काढून घेतलं गेलं, 2010 मध्ये कंपनीने दिवाळं जाहीर केलं.

[दृश्य: जाकिटाच्या कुशीला बसवलेली प्लेट]

इराकमध्ये अमेरिकेच्या मरीन दलातल्या, छाती-पोटाच्या जखमांनी मेलेल्या 93 जणांची वैद्यकीय तपासणी संरक्षण खात्याच्याच तज्ज्ञांनी केली होती. त्यातल्या किमान 74 जणांना मार लागला होता तो प्लेट पोचत नाही अशा जागी; जास्त चिलखत असतं तर त्यातले बरेच जण वाचू शकले असते, असं निघालं. ही माहिती जानेवारी 2006 मध्ये बाहेर आली. मग कुशीच्या प्लेटा सरकारी यादीत आल्या आणि सगळे भाग जोडल्यावर इंटरसेप्टरचं वजन जवळपास दुप्पट झालं.