परवडत नाही, हे बोलायची चोरी का?

नमस्कार मंडळी. सुट्टीतल्या सहलीबद्दल दोन शब्द बोल म्हणून मला उभं केलंय, पण आधी मनात घोळतंय ते बोलते. मागच्या महिन्यात इथल्या, इंग्लंडमधल्या आपल्या मराठी शाळेत सुट्टीत कोण कुठे जाणार असा विषय निघाला, दुबई झालं, टेनेरीफ झालं, आणि एक मुलगा सरळ म्हणाला, "आम्ही कुठेच नाही, बाबा म्हणाले यंदा परवडत नाही." त्याला काही वाटलं नाही हो, पण न्यायला आलेल्या त्याच्या आईचा चेहरा खाडकन उतरला.

का उतरावा? आपण सगळी लाल डब्याने आजोळी गेलेली माणसं! ग्रुपवर रिसॉर्टचे फोटो टाकून टाकून आपणच ही वेळ आणलीय. शाळा चालू असताना मूल बाहेर नेलं तर पालकामागे, मुलामागे 80 पौंड दंड, आणि सुट्टी लागली की विमानाचे भाव विचारूच नका.

आणि इथे किती काय फुकट आहे! सायन्स म्युझियम, ब्रिटिश म्युझियम, यॉर्कचं रेल्वे म्युझियम. ब्रिटिश म्युझियममध्ये अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं आहेत, आपल्या किती पोरांनी पाहिलीत? लंडनमध्ये चॉक फार्मजवळ 10, किंग हेन्रीज रोड, 1921-22 मध्ये बाबासाहेब तिथे राहून शिकत होते, आणि आपण आलेल्या पाहुण्यांना फक्त बिग बेन दाखवून आणतो.

माझं ऐकाल तर डॉरसेटला चारमथला जा. आसपासच्या एखाद्या यूथ हॉस्टेलची फॅमिली रूम घ्या, तिथल्या किचनमध्ये रात्री खिचडी टाका. ओहोटी लागली की किनाऱ्यावर सुटे पडलेले जीवाश्म शोधायचे, कड्याखाली मात्र अजिबात थांबायचं नाही, दरड कोसळते. अमोनाइट, म्हणजे गुंडाळलेल्या शंखासारखा जीवाश्म, सापडला की पोरांना सांगा, आजीच्या देवघरातला शाळिग्राम म्हणजे हाच, फक्त तो गंडकी नदीतला. शेजारच्या लाइम रीजिसची मेरी अ‍ॅनिंग, सुताराची पोर, घरात पैशांची ओढाताण, आणि भावाला इक्थिओसॉरची, म्हणजे प्राचीन समुद्री सरीसृपाची, कवटी सापडल्यावर बारा-तेरा वर्षांच्या या पोरीने बाकीचा सांगाडा शोधला! आपल्या शाळेतल्या त्या मुलाला हे दाखवायला त्याच्या बाबांना किती लागतील? पेट्रोल, डबा आणि दोन रात्रींची खोली.

लहानांचं जमेल. मला काळजी पंधरा-सोळाच्यांची आहे. जीसीएसई म्हणजे इथली दहावीसारखी परीक्षा, मित्र, फोन, आपल्याबरोबर यायलाच नको असतं, आणि अजून दोन-तीन उन्हाळे गेले की ती युनिव्हर्सिटीला गेली. मंडळाने मिनीबस काढली तर मित्रांबरोबर येतील असं काही पालक म्हणतात, काही म्हणतात तिथेही फोनच बघत बसतील. मला खरंच सुचत नाहीये. कोणाच्या घरी काही जमलं असेल तर चहाच्या वेळी येऊन सांगा, मोठ्या मुलांना पण घेऊन या, त्यांनाच विचारू.