झोपमोड

[दृश्य: रात्रीची खोली. टेबलावर उघडा लॅपटॉप. काळ्या खिडकीत कर्सर लुकलुकतोय. पंख्याची बारीक घरघर.]

कोणी टाइप करत नाहीये. गाणं लागलेलं नाही, काही डाउनलोडही होत नाहीये. तरी पंखा फिरतोय, आणि डावीकडच्या जाळीतून गरम वारा येतोय. हे यंत्र आत्ता नेमकं कशात गुंतलंय?

[दृश्य: लॅपटॉप जवळून. घासलेले कोपरे, झाकणावर जुन्या स्टिकरचा चिकट डाग.]

हा थिंकपॅड एक्स-२२०. २०११ चं मॉडेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडला असे लॅपटॉप थप्प्या लावून ठेवलेले दिसतात, कंपन्यांनी वापरून काढलेले. विंडोज ११ याच्या प्रोसेसरला दारात उभं करत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे यावर विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे. छान चालतं. फक्त बॅटरी पुरत नाही.

आधी हिशेब बघू. याची सहा सेलची बॅटरी नवी असताना ६३ वॅट-तासांची होती. समजा, वापरून वापरून ती आता ३५ वर आली आहे. लॅपटॉप १४ वॅट खात असेल तर अडीच तास. तोच ७ वर आणला तर पाच. म्हणजे नवी बॅटरी घेण्याआधी खर्चाकडे बघायला हरकत नाही.

[दृश्य: चार्जर काढला जातो. टर्मिनलमध्ये, म्हणजे त्या काळ्या खिडकीत, एक फाइल वाचली जाते. पडद्यावर आकडा: ११२४००००.]

लॅपटॉप आत्ता किती वीज खातोय, त्याचा हा आकडा बॅटरी स्वतः सांगते. एकक मायक्रोवॅट, म्हणून दहा लाखांनी भागायचं. सव्वाअकरा वॅट. चार्जर काढल्याशिवाय हे माप घेण्यात अर्थ नाही. आणि मापल्याशिवाय सेटिंग बदलत बसणं म्हणजे मीठ किती पडलंय ते न चाखताच भाजीत पाणी ओतत राहणं.

बहुतेकांच्या मनात पहिला उपाय येतो तो प्रोसेसरला हळू चालवण्याचा. ऐकायला पटतं, पण खरी बचत तिथे फारशी नसते. काम पटकन उरकून गाढ झोपणारा प्रोसेसर, दिवसभर रेंगाळत काम करणाऱ्यापेक्षा सहसा कमी खातो.

झोप हा शब्द इथे अलंकार म्हणून आलेला नाही. या प्रोसेसरला झोपेच्या पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर नुसती डुलकी. खालच्या पायऱ्यांवर, सी-सिक्स आणि सी-सेव्हनमध्ये, कोअर, म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग, आपली सगळी अवस्था बाजूला लिहून ठेवतो आणि त्याचा वीजपुरवठाच तोडला जातो. मात्र तिथून परत यायला वेळ लागतो. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, या पिढीच्या सी-सेव्हनसमोर दोन आकडे लिहिलेले आहेत: उठायला १०९ मायक्रोसेकंद, आणि ही झोप परवडायची असेल तर निदान ३४५ मायक्रोसेकंद कोणी हाक मारता कामा नये. एका सेकंदाच्या हजाराव्या भागाचा साधारण तिसरा हिस्सा. एवढीशी शांतता. तीही मिळत नाही, कारण दार सतत वाजत असतं.

[दृश्य: घड्याळाची टिकटिक, हळूहळू वेगवान होत जाणारी.]

पूर्वी दार खुद्द कर्नलच वाजवायचं. लिनक्स २.६ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये पीसीवर सेकंदाला १००० वेळा घड्याळाची टिचकी पडायची. काम असो वा नसो, प्रोसेसरने उठून बघायचं. पुढे २५० झाली. मग एप्रिल २००७ मध्ये २.६.२१ आलं, आणि काम नसेल तर ठोके देणंच बंद करायची सोय त्यात झाली.

घरातलं मोठं घड्याळ थांबलं की नळाची टपटप ऐकू येते, तसं झालं. पुढच्याच महिन्यात इंटेलने पॉवरटॉप नावाची छोटी आज्ञावली आणली. आर्यन फान डे फेन या अभियंत्याचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. पॉवरटॉपने सरळ यादीच लावली: कोण, सेकंदाला किती वेळा प्रोसेसरला उठवतं. नावं निघाली ती सगळी सभ्य माणसांची. चॅटचा प्रोग्राम. ब्राउझर. सीडी ड्राइव्हमध्ये कोणी चकती घातली का, हे दर दोन सेकंदांनी डोकावून बघणारी एक सेवा. ड्राइव्ह वर्षभर रिकामा असला तरी तिचं डोकावणं चालूच. आणि टर्मिनलमधला कर्सर! प्रत्येक लुकलुकीला प्रोसेसर जागा.

[दृश्य: पुन्हा कर्सर. लुकलुकतोय.]

हा लॅपटॉप बाजारात आला तेव्हा मात्र लिनक्सचे दिवस वाईट होते. मार्च २०११ चं २.६.३८ टाकल्यावर अनेक लॅपटॉपांची बॅटरी आधीपेक्षा लवकर उतरायला लागली. कारण शोधायला काही महिने गेले. काम नसताना पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे वायफायसारखे भाग प्रोसेसरशी जोडणाऱ्या, जोडण्या झोपवण्याची एक सोय असते, एएसपीएम. काही बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू करून देणाऱ्या मुळातल्या आज्ञावल्या, एकीकडे ‘आम्हाला ही सोय चालत नाही’ असं लिहून ठेवायचे आणि दुसरीकडे स्वतःच ती चालू करून द्यायचे. नवं कर्नल लिहिलेलं प्रमाण मानून ती बंद करायचं. तेव्हा रेड हॅटमध्ये असलेल्या मॅथ्यू गॅरेट यांनी काढलेला तोडगा म्हणजे, बायोसने जे जसं लावून दिलंय त्याला हात लावायचा नाही. मार्च २०१२ च्या ३.३ मध्ये तो आला. याच पिढीच्या ग्राफिक्सची झोप, आरसी-सिक्स, कधी चालू कधी बंद होत शेवटी ३.४ पासून आपोआप मिळायला लागली.

हे सांगायचं कारण व्यावहारिक आहे. त्या दिवसांत लोकांनी बूटच्या ओळीत, म्हणजे सुरू होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या सूचनांत, घालायचे मंत्र लिहून ठेवले, आणि ते आजही नकलून घेतले जातात. आरसी-सिक्सचा पर्याय तर २०१८ मध्ये कर्नलमधून काढूनच टाकलाय. तुमच्या बूटच्या ओळीत तो असेल, तर खुशाल खोडा.

[दृश्य: पॉवरटॉपचा पडदा. ओळी वरखाली होतायत.]

मग आज झोपमोड कोण करतं? पॉवरटॉप चालवा. वरच्या ओळींत बहुतेक वेळा ब्राउझर असतो. त्यातही व्हिडिओ. या चिपमध्ये एच-२६४ या पद्धतीने दाबलेला व्हिडिओ उलगडणारा वेगळा भाग आहे, पण यूट्यूब सहसा पाठवतं व्हीपी-नाइन किंवा एव्ही-वन. ते चिपला कळत नाही, म्हणून सगळी मेहनत प्रोसेसरवर. एच-२६४ च मागणारं छोटं एक्स्टेंशन ब्राउझरला जोडायचं, आणि ब्राउझर हार्डवेअरकडून व्हिडिओ उलगडून घेतोय ना, ते तपासायचं. माझ्या मते या यंत्रासाठी यापेक्षा मोठा बदल दुसरा नाही.

पडद्याचा उजेड कमी करा, वॅट-दोन वॅट तिथेच. न लागणारं ब्लूटूथ बंद. फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी. उरलेली किरकोळ आवराआवर टीएलपी नावाचं साधन एकदा बसवलं की करतं. त्याच्या जोडीला तेच काम करणारं दुसरं साधन ठेवू नका, दोघं एकमेकांची सेटिंगं पुसत बसतात. पॉवरटॉपचं सगळं एकदम ‘चांगलं’ करून टाकणारं बटण मी वापरत नाही. यूएसबीचा माउस दोन सेकंद हलवला नाही की झोपी जातो, आणि मग त्याला उठवायला टिचक्या मारत बसावं लागतं. गाढ झोप आपल्याला प्रोसेसरची हवी होती, उंदराची नव्हे.

आणि बॅटरीसाठी एक. लॅपटॉप सदानकदा चार्जरला लावलेला असेल, तर ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची मर्यादा टीएलपीतून घालता येते. ४.१७ पासूनच्या कर्नलला ती या थिंकपॅडवर थेट लावता येते.

[दृश्य: ब्राउझर बंद होतो. उजेड उतरतो. फाइल पुन्हा वाचली जाते. पंखा मंदावतो, थांबतो.]

जीनोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या टर्मिनलमध्ये आज एक बारीकशी गोष्ट दिसते, लक्ष असेल तर. दहा सेकंद काही टाइप केलं नाही, की कर्सर लुकलुकायचा थांबतो. नुसता उभा राहतो. बघा.

[दृश्य: कर्सर. दहा सेकंद. निवेदन नाही, संगीत नाही. कर्सर स्थिर होतो.]