लिनक्सवर गेम चालतात का?

(भुसावळमधील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या उन्हात तुम्ही इतके जण आलात, याचा मला फार आनंद आहे. समोर शाळेची मुलं दिसताहेत, मागे रेल्वेत असलेल्या आमच्या आप्पांच्या वेळचे दोन-तीन काका बसलेत. दोघांनाही कळेल असं बोलायचा प्रयत्न करतो.

'दादा, लिनक्सवर गेम चालतात का?' हा प्रश्न मला सतत विचारला जातो. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, पण तिचा आतला कोड सगळ्यांना खुला. उत्तर आधीच देऊन टाकतो. चालतात. बरेचसे चालतात. काही अजिबात चालत नाहीत, त्यांच्याबद्दल पुढे सांगतो. पण मी लिनक्सवर आलो आणि टिकलो, त्याला कारण वेगळं होतं. तिथे गोष्टी आतून बघता येतात.

२००८ साली मी कॉलेजात होतो. उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराची सीडी तेव्हा मागितली तर टपालाने फुकट घरी यायची. आमच्या घरच्या इंटरनेटला महिन्याला १ जीबीची मर्यादा. २५६ केबीपीएसने ७०० एमबी उतरवायला सलग सहा तास लागतात, आणि सलग सहा तास वीज त्या वर्षी कुणाच्या नशिबात होती? म्हणून सीडी मागवली. काही आठवड्यांनी पोस्टमनकाकांनी पाकीट दिलं, त्यात ८.०४ ही आवृत्ती.

चालू केली, आवडली, आणि चौथ्या दिवशी फाईल कॉपी होत असताना भारनियमनात वीज गेली. मला वाटलं, संपलं सगळं. वीज आल्यावर मशीन चालू केलं, तर काही ओळी सरकल्या आणि ते सरळ सुरू झालं. अर्धवट कॉपी झालेली ती एक फाईल गेली, बाकी सगळं जागच्या जागी. हे कसं झालं ते शोधायला मी दोन दिवस घातले. तेव्हाच्या उबुंटूत एक्स्ट-थ्री नावाची फाईल-व्यवस्था होती. डिस्कवरच्या मांडणीत कुठलाही बदल करण्याआधी ती त्याची नोंद वेगळ्या जागी करून ठेवते. आपल्याकडे अडत दुकानात व्यवहार आधी रोजकीर्दीत चढतो आणि मग खतावणीत जातो, तसंच. मध्येच दिवे गेले तरी कीर्द बघून खतावणी पुरी करता येते. हे मला कुणी शिकवलं नाही. सगळं उघडं होतं, म्हणून वाचता आलं.

खेळांच्या बाबतीत मात्र तेव्हा हाल होते. सुपरटक्सकार्ट होतं, बॅटल फॉर वेस्नॉथ होतं. वेस्नॉथवर माझं आजही प्रेम आहे. पण मित्र जे खेळायचे ते माझ्याकडे चालायचं नाही. डिस्कचा एक भाग खास खेळांसाठी विंडोजला ठेवावा लागायचा.

आता ते कसं बदललं, हे जरा सावकाश सांगतो. माझी आजी अमळनेरकडची, तिला अहिराणीशिवाय दुसरं काही बोलता यायचं नाही. मुंबईला मामाकडे गेली की शेजारीण काय म्हणते ते मामी तिला अहिराणीत सांगायची आणि आजीचं उत्तर शेजारणीला मराठीत सांगायची. आजी तीच, तिचं डोकं तेच, हात-पाय तेच. फक्त मध्ये एक माणूस उभं. विंडोजचा गेम आणि लिनक्स यांचं नातं अगदी असंच आहे. प्रोसेसर दोन्हीकडे एकच, त्यामुळे गेममधली आकडेमोड जशीच्या तशी चालते. अडतं कुठे? गेम जेव्हा म्हणतो 'मला ही फाईल दे', 'मला खिडकी उघडून दे', तेव्हा ते तो विंडोजच्या बोलीत म्हणतो. वाईन नावाचा प्रकल्प १९९३पासून मामीचं हे काम करतोय. १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं. पंधरा वर्षं! एवढा धीर धरणाऱ्या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे.

चित्रांची बोली त्याहून अवघड. विंडोजचे बहुतेक गेम चित्रं काढायला डायरेक्ट-थ्रीडी नावाच्या बोलीत बोलतात. फिलिप रेबोले नावाच्या जर्मन तरुणाला नीअर ऑटोमाटा हा गेम लिनक्सवर खेळायचा होता. तेवढ्यासाठी त्याने डायरेक्ट-थ्रीडीचं बोलणं व्हल्कन या लिनक्सवरही चालणाऱ्या चित्रांच्या बोलीत उतरवणारा डीएक्सव्हीके हा प्रोग्राम लिहायला घेतला. पुढे व्हॉल्व्ह या गेमच्या कंपनीने वाईन आणि डीएक्सव्हीके एकत्र बांधून ऑगस्ट २०१८मध्ये प्रोटॉन आणलं, आणि २०२२मध्ये त्यावरच चालणारं स्टीम डेक हे हातात धरून गेम खेळायचं यंत्र. एका माणसाला एक खेळ खेळायचा होता, त्यातून आज हजारो खेळ चालताहेत.

मुलांनो, एक लक्षात ठेवा. प्रोटॉनवर नवीन गेम पहिल्यांदा चालवला की कधी कधी तो अडखळतो. पहिला स्फोट झाला की झटका, दुसऱ्या स्फोटाला काही नाही. मशीन खराब नसतं. त्या दृश्याची सूचना तुमच्या ग्राफिक कार्डाच्या भाषेत पहिल्यांदाच उतरत असते, आणि उतरली की ती साठवून ठेवली जाते. अर्धा तास खेळा, मग ठरवा.

आणि न चालणारे खेळ. काही ऑनलाइन स्पर्धेचे खेळ फसवणूक पकडायला विंडोजच्या गाभ्यात स्वतःचा पहारेकरी बसवतात. तो पहारेकरी लिनक्सवर येत नाही, म्हणून खेळही येत नाही. तुमचा जीव अशाच खेळात असेल तर विंडोज काढू नका. मित्रांची टोळी सोडून एकटं खेळण्यात मजा नाही.

आता आपल्या गावाची अडचण. ऊन. बाहेर ४५ अंश असतात, वरच्या मजल्यावरची खोली दुपारभर भाजते, आणि कूलरची दमट हवा मी कॉम्प्युटरवर घेत नाही. मागे एका मे महिन्यात खेळता खेळता माझं मशीन बंद पडायला लागलं. विकणाऱ्याने सांगितलं, कार्ड बदला. माझ्याकडे तेवढे पैसे नव्हते. तेव्हा मला कळलं की लिनक्समध्ये कार्डाचं तापमान ही एक फाईल असते. खरोखरची फाईल, वाचली की आत एक आकडा. मी वाचली तेव्हा आत होतं ९४०००. अंशाचा हजारावा भाग धरायचा, म्हणजे ९४ अंश! तिच्याच शेजारी दुसरी फाईल, कार्डाने किती वीज घ्यायची त्याची. हा आकडा मायक्रोवॅटमध्ये असतो. आत १५ कोटी होते, म्हणजे १५० वॅट. मी ते पुसून ११ कोटी लिहिलं. गेम जरासा मंदावला, डोळ्यांना जाणवेल इतका नाही, आणि दहा मिनिटांनी पहिल्या फाईलीत ७९०००. तेच कार्ड त्यानंतर चार उन्हाळे चाललं. घाई करून हे आकडे बदलू नका, आधी वाचत जा. एक दुपारभर नुसतं वाचा.

आता मला नुसतं ज्याच्यासाठी बोलवलं असतं तरी मी आलो असतो, ते सांगतो. ओपनटीटीडी. १९९५च्या ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स या गाजलेल्या खेळाचं काम लुडविग स्ट्रिगेउस या स्वीडिश प्रोग्रामरने उलगडून नव्याने लिहिलं आणि २००४मध्ये खुलं केलं. रूळ टाका, स्टेशनं बांधा, गाड्या सोडा. भुसावळच्या पोराला हा खेळ आवडला नाही तरच नवल.

आमचे आप्पा रेल्वेत सिग्नलच्या केबिनमध्ये होते. लिव्हर ओढून ओढून त्यांच्या तळव्यांना घट्टे पडलेले. निवृत्तीनंतर एकदा ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. मी एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर अडकवून बसलो होतो. आप्पा म्हणाले, 'आसं नही रे. समोरच्या गाडीला उभं राहायला बाजूची लूप लाईन रिकामी आहे का ते आधी बघ. नसेल तर इकडची गाडी तू सोडतोसच कशी?' मग खुर्ची ओढून बसले. मी त्यांना दोन प्रकारचे सिग्नल दाखवले. साधा ब्लॉकचा सिग्नल त्यांना लगेच पटला. ब्लॉक म्हणजे दोन सिग्नलमधला रुळांचा तुकडा. एका ब्लॉकात एकच गाडी, त्यात काही समजावून सांगायचं नव्हतं. दुसरा प्रकार २००९मध्ये आला. त्यात गाडी पुढचा अख्खा मार्ग आधी स्वतःच्या नावावर करून घेते आणि मगच निघते. आप्पा बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, 'म्हणजे रूट लावला, सांधे कुलूपबंद केले, मग सिग्नल पाडला. आम्ही हेच करायचो.' सांधे म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे हलते रूळ. त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून खेळाचा मूळ कोड उघडला आणि सिग्नलचा हिशोब कुठे होतो ती जागा शोधली. तो कोड ज्या भाषेत आहे ती सी प्लस प्लस आप्पांना येत नव्हती. मी ओळ वाचायची, तिचा अर्थ सांगायचा, आणि त्यांनी म्हणायचं, 'हां, बरोबर लिहिलंय.'

नंतर आम्ही मराठी भाषांतराला हात घातला, कारण तेही उघडंच आहे, एक साधी मजकुराची फाईल. तिथे खरी मजा आली. इंग्रजीत 'नवीन अमुक उपलब्ध' असं एक वाक्य सगळ्या वाहनांना पुरतं. मराठीत बस नवी, ट्रक नवा, विमान नवं. प्रत्येक नावापुढे लिंग नोंदवायची सोय फाईलीत आहे, आणि आम्ही दोन संध्याकाळी फक्त तेवढ्यावर घालवल्या. सिग्नलच्या शब्दांवर आप्पा अडून बसले. मी 'सिग्नल हिरवा झाला' लिहिलं होतं. ते म्हणाले, 'पडला' लिही. जुन्या खांबावरचा हात खाली पडला की गाडी सुटायची, अजूनही गावातली माणसं 'सिग्नल पडला का?' असंच विचारतात. मुंबई-पुण्याच्या मुलाला वाटेल सिग्नल मोडून पडला, म्हणून मी वाद घातला. आप्पांनी ऐकलं नाही. मागे बसलेले काका माना डोलावताहेत, म्हणजे आज मी हरलो असं धरतो.

आप्पा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या हस्ताक्षरातली शब्दांची वही मी सोबत आणलीय. सांधा, सांधेवाला, फलाट, यार्ड, लूप. विमानं आणि जहाजांची पानं कोरी आहेत, ती त्यांना माहीत नव्हती. मागच्या टेबलावर तीन जुने लॅपटॉप मांडलेत, तिन्हींवर ओपनटीटीडी चालू आहे आणि भाषांतराची फाईलही उघडी आहे. मुलांनी आधी खेळून घ्या. काका, तुम्ही मात्र त्या वहीजवळ या, मालगाडीच्या डब्यांच्या नावांसाठी मला तुमची गरज आहे.