तड्याशेजारची तारीख

श्रोतेहो, नमस्कार. दरड म्हटलं की आपल्याला माळीण आठवतं, इर्शाळवाडी आठवते. बघता बघता घरंच्या घरं गाडली गेली. काही दरडी मात्र वर्षानुवर्षं थोड्या थोड्या सरकत असतात. उत्तराखंडमधलं जोशीमठ तसल्याच उतारावर वसलंय.

बद्रीनाथला जाताना तुमच्यापैकी कित्येकांनी तिथे मुक्काम केला असेल, नृसिंहाचं दर्शन घेतलं असेल. त्या गावाखाली अखंड खडक नाही. फार पूर्वी कोसळलेल्या डोंगराचा दगडमातीचा ढीग आहे. १९७६ सालीच सरकारनं नेमलेल्या मिश्रा समितीनं हे लिहून ठेवलं होतं: जड बांधकामं नकोत, सुरुंग लावून धोंडे फोडू नका, झाडं लावा, पाण्याचा निचरा करा. निचरा का? तर अशा ढिगात पाणी मुरलं की दगडमातीची एकमेकांवरची पकड सुटते. वरून घरांचा भार, खाली नदी पायथा कुरतडतेय. मग उतार सरकणारच.

हे सरकणं मोजायचं कसं? सगळ्यांत साधा उपाय म्हणजे तड्यावर आडवी काचेची पट्टी घट्ट चिकटवायची आणि शेजारी तारीख लिहायची. भिंत हलली की काच तडकते. तडे मोजणारी यंत्रंही असतात, ती जोशीमठच्या घरांत बसवली गेली. आणि वरून उपग्रह पाहत होते. एप्रिल ते नोव्हेंबर २०२२ या काळात जमीन सुमारे ९ सेंटिमीटर खचली होती. पुढे २७ डिसेंबर २०२२ ते ८ जानेवारी २०२३, अवघ्या बारा दिवसांत, ५.४ सेंटिमीटर! आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले.

मला खरं टोचतं ते पुढचं. उपग्रहांचे हे आकडे देणारा इस्रोचा अहवाल संकेतस्थळावरून काढून टाकला गेला. इतर संस्थांचे सविस्तर अहवाल लोकांपुढे यायला २०२३चा सप्टेंबर उजाडला, तेही उच्च न्यायालयानं विचारणा केल्यावर. अहो, जिच्या स्वयंपाकघराची भिंत उलली, त्या बाईला तो आकडा सगळ्यांच्या आधी कळायला हवा होता!

आपल्या सह्याद्रीतही डोंगरउतारावर वाड्या आहेत. जमिनीला नवी भेग पडली, झाडं कलली, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर तलाठ्याला लगेच कळवा. भिंतीतल्या तड्यावर काच लावा, तारीख लिहा, दर आठवड्याला बघा. मुसळधार पावसात मात्र मोजत बसू नका. आधी घर सोडा.