दोन पेन्सिलींचा बोरू

(पडद्यावर: दोन पेन्सिली, दोन रबरबँड, पट्टी, कोरा कागद)

मुलांनो, बोरू म्हणजे रुंद, तिरक्या टोकाची काडीची लेखणी. पण सुलेखन शिकायला आज बोरू नको, शाई नको, दोन पेन्सिली पुरेत. दोन्हींची टोकं टेबलावर एकदम टेकवा आणि वर-खाली रबरबँड घट्ट गुंडाळा. एक टोक केसभर जरी वर राहिलं, तरी कागदावर एकच रेघ उमटेल.

आता टोकं कागदावर ठेवा. डावं टोक वर, उजवं खाली, तिरपेपणा 45 अंश. अंदाज येत नाही? चौरस कागद कोपऱ्याला कोपरा लावून दुमडा. घडीची तिरकी कड बघा, तेच 45 अंश.

(अगदी जवळून)

वरून खाली, उजवीकडून डावीकडे तिरकं ओढा. रुंद पट्टा आला! आता वरून खालीच, पण डावीकडून उजवीकडे तिरकं ओढा. दोन रेघा एकीवर एक बसल्या. जाड-बारीक होतं ते असं, कोनामुळे. जोर लावलात तर शिसं मोडेल, बाकी काही नाही.

टोकांमध्ये 7 मिलिमीटर अंतर असेल, तर उभा दंड आणि आडवी शिरोरेघ दोन्ही जवळपास 5 मिलिमीटर भरतात. पट्टीने मोजा. दंड 6 आणि शिरोरेघ साडेतीन भरली, तर मनगट फिरलं म्हणून समजा. ही चूक सगळ्यांचीच होते.

आता ‘व’. उंची साडेतीन सेंटिमीटर. आधी पोट: डाव्या खांद्यावर ते जाड होतं, खाली वळताना बारीक, दंडाकडे जाताना पुन्हा जाड. मग दंड, शेवटी शिरोरेघ. याच ‘व’च्या दंडाला उजवीकडे वळण दिलं की ‘क’.

खरा बोरू बांबूसारख्या पोकळ काडीचा. टोक तिरकं छाटतात आणि मधोमध चीर देतात, तिच्यातून शाई उतरते. छाटायचं काम मोठ्यांचं. दुकानातले इंग्रजी अक्षरांचे पेन बहुतेक सरळ कापाचे असतात. इंग्रजीसारखे धरले, तर आपली अक्षरं उलटा सदरा घातल्यासारखी दिसतात, जाड तिथे बारीक.

बोरू ओढायचा, ढकलायचा नाही. ढकलला की टोक कागदात रुततं आणि शिंतोडे उडतात. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई फुटते, म्हणून गुळगुळीत कागद घ्या. लिहून झालं की बोरू लगेच धुवा, नाहीतर चिरेत शाई वाळून बसते.