अकरावा अल्बम

मंडळी, वर्षातल्या दहा आवडत्या अल्बमांची यादी लागली की वाद पहिल्या नंबरावर होतो. आज मात्र अकराव्याबद्दल बोलायचं आहे. दहाव्यात आणि अकराव्यात बहुधा एक-दोन गुणांचाच फरक असतो आणि तो गाण्यापेक्षा आपल्या मोजण्यात, ऐकण्यात जास्त असतो.

आधी मोजणी. वाचनालयात बारा जण ऐकायला बसतात असं धरू. प्रत्येकानं दहा अल्बम क्रमानं लिहायचे. पहिल्याला 10 गुण, दहाव्याला 1. समजा एक अल्बम दोघांनीच लिहिला, पण दोघांनीही पहिला. त्याचे झाले 20. दुसरा नऊ जणांच्या कागदावर आहे, पण सगळीकडे नववा. नऊ दुणे 18, म्हणजे तो मागे. आता कागद तेच ठेवा, फक्त पहिल्याला 20 आणि दहाव्याला 11 गुण द्या. पहिल्या अल्बमचे होतात 40, दुसऱ्याचे 108! मत एकाचंही बदललं नाही. पहिली रीत दोघांच्या हट्टाला मान देते, दुसरी नऊ जणांच्या 'बरा आहे'ला.

न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकानं त्यांच्या 'पॅझ अँड जॉप' या समीक्षकांच्या कौलात यावर तोड काढली होती. प्रत्येक समीक्षकाला 100 गुण, ते दहा अल्बमांत वाटायचे. एकाला 30 पेक्षा जास्त नाही, 5 पेक्षा कमी नाही. हट्ट चालतो, पण त्याला मेर घातलेली.

आपण 10 ते 1 आणि 20 ते 11 अशा दोन्ही रीतींनी बेरीज करावी. जो अल्बम एका बेरजेत दहात बसतो आणि दुसरीत बाहेर पडतो, तो थोडक्यात हुकलेला. अशांची वेगळी यादी लावा. मला तीच जास्त वाचनीय वाटते. मुख्य यादीत काय येणार हे निम्म्या गावाला आधीच ठाऊक असतं.

कागदावर आणखी एक रकाना हवा: 'ऐकला नाही'. न ऐकलेला आणि न आवडलेला, दोघांनाही शून्यच मिळतो, आणि चांगले अल्बम सगळ्यात जास्त इथंच मरतात. निम्म्या लोकांनीही ऐकला नसेल तर त्याचा निकाल लावू नका.

आता वेळ. 'ब्लॅक मसीहा' हा अमेरिकन गायक डी'अँजेलोचा अल्बम 15 डिसेंबर 2014 ला आला, तेव्हा बऱ्याच मासिकांच्या याद्या ठरून गेल्या होत्या. 'पॅझ अँड जॉप'चा त्या सालाचा निकाल पुढच्या जानेवारीत लागला. तिथं तोच पहिला आला. आपल्याकडे तर डिसेंबर म्हणजे कापसाची वेचणी, तूर काढणीवर आलेली, आणि झाडीपट्टीत रात्री नाटकं. निवांत कान कोणाकडे आहेत? म्हणून हद्द 31 डिसेंबरची ठेवा, पण बैठक संक्रांतीनंतर घ्या. उलट जानेवारी-फेब्रुवारीत आलेला अल्बम वर्षअखेरीस आठवत नाही, त्यासाठी वही. तारीख, अल्बम, एक ओळ, बस.

राहिलं ऐकणं. वावरात खिशातल्या मोबाइलवर ऐकून मत देऊ नका. पेटीवरच्या काळी एकचा षड्ज साधारण 138 हर्ट्झ, तानपुऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, 69. मोबाइलचा इवलासा स्पीकर इतक्या खाली पोचतच नाही. खर्जाचे वरचे स्वरांश, म्हणजे त्यात मिसळलेले बारीक सूर, तेवढे ऐकू येतात. डग्ग्याचा घुमारा गेला, तानपुरा पातळ झाला, की विलंबित ख्याल रिकामा वाटतो आणि ठणठणीत मिक्सिंगवाला अल्बम पुढे जातो. खंजिरीचंही तसंच: झांजा ऐकू येतात, चामड्याची थाप हरवते.

दोन अल्बम शेजारी ठेवून ऐकताना आवाज सारखा करून घ्या, कारण किंचित मोठा वाजणारा कानाला चांगलाच वाटतो. बसायच्या जागी मोबाइल ठेवून आवाज मोजणाऱ्या अ‍ॅपवर दोघांचा गायनाचा भाग पाहा. फरक एका डेसिबलच्या आत आणा. शफल बंद. पहिल्यांदा सलग ऐका, दुसऱ्यांदा आठवड्यानं. गुण दुसऱ्या ऐकण्यानंतरच.

आणि 'ऐकला नाही'च्या रकान्यामुळे ज्यांचा निकाल लागला नाही, ते वहीत पुढच्या सालाच्या पहिल्या पानावर उतरवा. हरभरा सोंगायच्या आत एक संध्याकाळ त्यांची.