काटेरी रानातले दोन शेजारी

मध्य चिली. सँटियागो शहराच्या आसपासच्या टेकड्यांवरचं हे काटेरी रान, याला इथं मातोरल म्हणतात; पाहणाऱ्याला ते नुसतं पडीक वाटतं. ही पिवळी फुलं एस्पिनोची, आपल्या बाभळीच्या जवळच्याच नात्यातलं झाड. आणि शेंड्यावर बसलाय तो चिंकोल पक्षी. चिमणीएवढा, वजन जेमतेम २० ग्रॅम, मानेला तांबूस पट्टा, डोक्यावर काळ्या रेघा. आधी लांब शिट्ट्या, मग थरथरती तान. चिलीची माणसं म्हणतात, तो विचारतोय, 'माझ्या आगुस्तीनकाकांना कुणी पाहिलंत का?'

आता झाडाखाली बघा. हा देगू. दिसतो उंदरासारखा पण नातं गिनीपिगशी जवळचं, वजन २०० ग्रॅमच्या आसपास, शेपटीच्या टोकाला काळा गोंडा. याची शेपटी मात्र अर्धीच आहे, कारण शिकाऱ्यानं शेपटी धरली की वरची कातडी सुटून त्याच्याकडेच राहते आणि देगू बिळात पसार होतो, गेलेली शेपटी परत उगवत नाही.

पक्षी आणि हा उंदरासारखा प्राणी, यांची तुलना कशाला? तर दोघांच्याही लहानपणात आवाजाला फार मोठी जागा आहे. चिंकोलचं पिल्लू अंड्यातून आंधळं, उघडंवाघडं बाहेर येतं, आणि नर पिल्लं मोठ्यांचं ऐकून ऐकून गाणं शिकतात, म्हणून गावागणिक बोली बदलावी तशी त्यांची तान बदलते. अर्जेंटिनात या पक्ष्याला चिंगोलो म्हणतात, तिथं पक्ष्यांच्या गाण्याचे अभ्यासक फर्नांडो नोत्तेबोम यांनी १९६९ मध्ये या बोलींवर लिहिलं. दाट झाडीत तान संथ, मोकळ्या माळावर जलद. आणि काही ठिकाणी तर झाडी तोडून शेतं झाली तरी पाखरं जुन्या रानाचीच तान गातायत, पिढ्यानपिढ्या!

देगूची आई ९० दिवस पिल्लं पोटात वाढवते, त्यामुळे ती डोळे उघडे, अंगावर केस अशीच जन्मतात. दूध पाजताना ती एक खास आवाज काढते आणि पिल्लं तो ओळखायला शिकतात. तो ओळखीचा आवाज कानावर पडला की पिल्लाच्या मेंदूचे ठरावीक भाग जोरात कामाला लागतात, हे जर्मनीत माग्देबुर्गच्या संशोधकांनी दाखवलंय. चिंकोल ऐकलेलं स्वतः गातो, देगूचं पिल्लू त्यावरून आई ओळखतं. एवढं सगळं ज्या रानात चालतं त्याला पडीक कसं म्हणायचं?

२०१० पासून इथं दुष्काळानं वर्षानुवर्षं ठाण मांडलं, टेकड्यांवर अवोकाडोच्या बागा आणि द्राक्षमळे चढलेत. चिंकोल शहरातल्या बागेतही निभावून नेतो, देगूला बिळासाठी न नांगरलेली जमीनच लागते.